कायदा नाही, तरी मोबाईल लॉकरमध्ये

ॲमस्टेलवीन, नेदरलँड्स : इथल्या बहुतेक माध्यमिक शाळांचा मोबाईलविषयीचा नियम एका ओळीत संपतो. फोन घरी ठेवा, नाही तर लॉकरमध्ये. १ जानेवारी २०२४ पासून देशभरातल्या माध्यमिक वर्गांतून मोबाईल, टॅब्लेट आणि स्मार्टवॉच हद्दपार झाली. २०२४-२५ च्या शालेय वर्षापासून प्राथमिक शाळाही त्यात आल्या. धड्यासाठी उपकरण लागणार असेल तर चालतं. श्रवणयंत्र फोनला जोडलेलं असेल किंवा आजारपणामुळे फोन लागत असेल, तर त्या मुलांना सवलत मिळते.

फ्रान्सनं २०१८ मध्ये यासाठी कायदा केला. डच मंडळींनी तो केला नाही. शिक्षण मंत्रालय, शाळा, शिक्षक आणि पालक यांच्या संघटना एकत्र बसल्या आणि त्यांनी आपसांत ठरवलं. अंमल कसा करायचा, हे प्रत्येक शाळेवर सोपवलं. काही शाळांत तास सुरू होताना फोन जमा करतात, तर काहींत मधल्या सुट्टीतही तो मिळत नाही.

ही वेळ का आली, हे समजायला इथलं बालपण माहीत हवं. साधारण बाराव्या वर्षी मूल माध्यमिक शाळेत जातं, तेही सायकलवरून आणि अनेकदा शेजारच्या गावात. सोबतीला आईबाप नसतात. म्हणून अनेकदा तोपर्यंत त्याच्या हातात स्मार्टफोन आलेला असतो. पालकांना हवी असते मूल पोचल्याची खबर, पण तिच्याबरोबर इन्स्टाग्राम आणि टिकटॉकही दप्तरात शिरतात.

करारानंतर काय झालं, हे पाहण्यासाठी सरकारनं ॲमस्टरडॅमच्या कोहनस्टाम संस्थेकडून पाहणी करून घेतली. २०२५ च्या उन्हाळ्यात तिचे निष्कर्ष आले. सुमारे तीन चतुर्थांश माध्यमिक शाळांनी मुलांचं लक्ष सुधारल्याचं सांगितलं. जवळपास दोन तृतीयांश शाळांना मुलांमधलं वातावरण निवळल्याचं जाणवलं; चोरून फोटो काढून तो ग्रुपवर टाकण्याची सोयच उरली नाही. अभ्यासातली प्रगती मात्र एक तृतीयांश शाळांनाच दिसली. शिवाय ही शाळांनी स्वतः नोंदवलेली मतं आहेत, परीक्षेच्या गुणांवरून काढलेला हिशेब नव्हे. प्राथमिक शाळांत फारसा फरक पडला नाही, कारण तिथे फोन मुळातच कमी होते.

या व्यवस्थेत एक विसंगती आहे. वेळापत्रकातले बदल, गृहपाठ, गुण, सगळं इथे ‘माखिस्टर’सारख्या शालेय ॲपवर येतं. म्हणजे शाळा फोन बाजूला ठेवायला सांगते आणि शाळेचा निरोप फोनवरच धाडते. गृहपाठ व्हॉट्सॲप ग्रुपवर घेण्याची सवय झालेल्या आपल्याकडच्या पालकांना हे नवं वाटणार नाही.

शाळा सुटल्यावरचा प्रश्न घराचा. त्यासाठी जून २०२५ मध्ये सरकारनं मार्गदर्शक सूचना काढल्या. दोन वर्षांखालच्या बाळाला स्क्रीन नको, पाच ते आठ वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, बारानंतर तीन तास, समाजमाध्यमं पंधरानंतरच. डोळ्यांसाठी इथे ‘२०-२०-२’ हे सूत्र सांगतात. वीस मिनिटं जवळचं पाहिलं की वीस सेकंद दूर पाहायचं आणि दिवसातून दोन तास घराबाहेर काढायचे. उघड्यावरच्या प्रकाशात वावरल्यानं लहान वयातला मायोपिया, म्हणजे दूरचं धूसर दिसणं, लांबणीवर पडतो, असं नेत्रतज्ज्ञ सांगतात. डच मुलं पावसातही सायकल हाणतात. ॲमस्टेलवीनमध्ये भारतीय कुटुंबं बरीच आहेत. पावसाची सर आली की मुलाला घरात ओढणाऱ्या आपल्या आयांना हे सूत्र जरा जड जातं.

“वर्गात सगळ्यांकडे आहे, मलाच नाही” हे पालुपद मात्र मराठी घरात आणि डच घरात सारखंच. त्यावर इथे पालकांच्या एका चळवळीनं एक उपाय अवलंबला. एकाच शाळेतले पालक मिळून करार करतात : चौदा वर्षांपर्यंत स्मार्टफोन नाही, सोळापर्यंत समाजमाध्यमं नाहीत. वर्गातल्या पुरेशा घरांनी सही केली की पालुपदातला ‘सगळ्यांकडे’ हा शब्द खोटा पडतो आणि एकट्या मुलावर वेगळं पडण्याची पाळी येत नाही. शाळांचा करार टिकला तोही याच कारणानं. फोन सगळ्यांचाच लॉकरमध्ये जातो, त्यामुळे कुणाचं काही चुकत नाही.

पण या सहमतीच्या टेबलाभोवती ॲप बनवणाऱ्या कंपन्या बसलेल्या नाहीत. मूल पडद्याला जितकं चिकटेल तितका त्यांचा धंदा वाढतो. त्या आपणहून सही करतील कशाला? ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०२५ पासून सोळाखालच्यांची खाती बंद करायला लावली, ती कोट्यवधी डॉलरच्या दंडाचा धाक घालून. युरोपीय संसदेनंही नोव्हेंबर २०२५ मध्ये सोळा वर्षांच्या मर्यादेची मागणी केली, पण तो ठराव बंधनकारक नाही. शाळेचा दिवस डच लोकांनी बोलून सोडवला. संध्याकाळ सोडवायला बहुधा त्यांनाही कायदाच लागेल.