पहिल्या नगाचे अर्थशास्त्र

२०१६ साली अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने बोइंग कंपनीसाठी १७.५ फूट लांबीचे एक अवजार सुमारे ३० तासांत तयार केले. विमानाच्या पंखाचे आवरण भोके पाडताना जागच्या जागी घट्ट धरून ठेवणे, एवढेच त्याचे काम. वजन सुमारे ७५० किलो. पण ते धातूचे नव्हते. कार्बनचे तंतू मिसळलेले प्लॅस्टिक थरावर थर घालून ते घडविले होते. धातूचे असे अवजार बाहेरून करवून घ्यावयास एरवी तीन महिने लागतात, असे कंपनीचेच म्हणणे होते. गिनीजच्या पुस्तकात या वस्तूची नोंद झाली, पण खरे नवल तिच्या आकारात नसून हिशेबात आहे.

प्लॅस्टिक निवताना आकसते आणि मोठी वस्तू वाकडी होते. तंतूंमुळे ही आकसण्याची खोड बरीच आटोक्यात येते व ताठपणाही वाढतो. मात्र यंत्राच्या तोटीतून धार ज्या दिशेने पडते, त्याच दिशेने बहुतेक तंतू लोळतात. त्या दिशेला वस्तू भक्कम, परंतु दोन थरांच्या सांध्यात तंतूच नसल्याने तेथे ती कच्ची राहते. २०१४ पासून अखंड तंतू अंथरणारी यंत्रेही आली. थरांमधला हा कच्चेपणा त्यांनाही चुकलेला नाही.

आता हिशेब पाहू. साच्यातून वस्तू काढावयाची तर आधी साच्यावर मोठी रक्कम ओतावी लागते. ती हजारो नगांवर विभागली गेली म्हणजे प्रत्येक नग स्वस्त होतो. थरांच्या पद्धतीत साचाच नाही. पहिल्या नगाला जेवढे तास, जवळजवळ तेवढेच दहा हजाराव्यालाही. सारांश, हे यंत्र मोठ्या उत्पादनाचे शत्रू नव्हे, किंबहुना त्याच्या वाटेलाही ते जात नाही.

हे ज्यांनी दृष्टीआड केले त्यांचे काय झाले? २०१४ मध्ये शिकागोच्या यंत्रप्रदर्शनात लोकल मोटर्स या कंपनीने याच जातीच्या प्लॅस्टिकची मोटार सुमारे ४४ तासांत छापून दाखविली. गावोगावी छोटे मोटार-कारखाने निघतील, असे स्वप्न तेव्हा रंगविले गेले. २०२२ च्या आरंभी ती कंपनी बंद पडली. कारणे अनेक असतील. परंतु एका सांगाड्याला ४४ तास हा आकडा मोटारींच्या धंद्यात परवडणारा नव्हे, हे सांगावयास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही.

तेव्हा साच्याशिवाय चालणारे हे यंत्र शोभते ते साचे, जिग आणि फिक्स्चर करण्यातच, कारण ती एकच लागतात. नेमका हाच एका-एका नगाचा व्यवसाय भोसरी-चाकण पट्ट्यातील लहान टूलरूम करीत आली आहेत. मोठ्या कारखान्याने असे यंत्र स्वतःच्या आवारात बसविले, तर या टूलरूमकडे जाणारे काम त्या प्रमाणात आटेल. हे यंत्र टूलरूमवाल्यांनीच घ्यावे, चार-सहा जणांनी मिळून घ्यावे, आणि त्यासाठी बँकांनी कर्ज देताना हात आखडू नये. कोणत्या अवजारावर कापणीचा जोर कोठून येतो हे तेथील जुन्या फिटरला जितके ठाऊक असते तितके आरेखन करणाऱ्या नवशिक्या पदवीधराला नसते. आणि तंतू कोणत्या दिशेने अंथरावयाचे, हे त्या जोरावरच ठरते.