तंबू बांधण्याआधी पेलोड बघा
लांबच्या मोटरसायकल प्रवासात तंबू न्यावा का, हे ठरवताना पेलोड (गाडीने सुरक्षितपणे वाहायचा कमाल भार) म्हणजे फक्त सामानाचं वजन, असा समज अनेकदा आढळतो. लिफ्टमधल्या पाटीवरचा आकडा माणसं आणि सामान मिळून असतो, तसाच हाही. चालक, सहप्रवासी, बॅगा, त्यांच्या लोखंडी चौकटीसुद्धा त्यातच आल्या. दोघं बसले की तंबूसाठी फारसं उरत नाही. त्यात मागे उंच बांधलेलं बोचकं चढावर पुढचं चाक हलकं करतं.

मनाली-लेह मार्गावर जिस्पा, सरचू, पांग इथे हंगामात अंथरूण-पांघरुणासह तंबू भाड्याने मिळतात. तिथे स्वतःचा तंबू ही निव्वळ हौस. एकट्याने जाणाऱ्याने खुशाल करावी, दोघांनी टाळावी.