डिस्कला कुलूप, किल्ली फरार

कुपवाड, मिरज, तासवडे, सातारा. कारखान्यांच्या या वसाहती ज्या एमआयडीसीच्या, तिच्याच सर्व्हरवर मार्च २०२१ मध्ये ‘सिनॅक’ हे रॅन्समवेअर, म्हणजे डेटा लॉक करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, घुसलं. खंडणीची चिठ्ठीही सापडली, पण तिच्यात आकडाच नव्हता! बॅकअप वेगळ्या नेटवर्कवर होता, म्हणून वाचला. खरी धमाल पुढे आहे. त्याच ऑगस्टमध्ये सिनॅकच्या टोळीने नाव बदललं आणि जुन्या कुलपांच्या किल्ल्या स्वतःच जाहीर करून टाकल्या. तेव्हा लॉक झालेली डिस्क घाईने फॉरमॅट करू नका, जपून ठेवा.

बहुतेक रॅन्समवेअर एकेक फाइल लॉक करतात. २०१६ चं ‘पेट्या’ मात्र थेट डिस्कच्या मुळावर उठलं. ते पीसी रीस्टार्ट करायचं आणि ‘डिस्क तपासत आहोत’ असं खोटंच दाखवत फाइलींची सूची एन्क्रिप्ट करायचं. म्हणजे सात-बाराचं दप्तर कुलपात आणि शेतं जागच्या जागी! त्या स्क्रीनवरच वीज तोडली, तर बरंच काही वाचण्याची आशा असते.

‘वॉनाक्राय’चं नेमकं उलट. मे २०१७ मध्ये एका फ्रेंच संशोधकाला दिसलं, की विंडोज एक्सपीच्या रॅममध्ये किल्ली बनवणाऱ्या मूळ संख्या तशाच पडून राहतात. पीसी बंद केला नसेल, तर नशिबाने किल्ली तिथूनच मिळायची. बंद केला, की संपलं.

अंदाजाने किल्ली शोधू म्हणाल, तर एईएस-२५६ या एन्क्रिप्शन पद्धतीच्या शक्य किल्ल्यांची संख्या ७८ आकडी आहे. तो नाद सोडा. कुलूप तुटतं ते बनवणाऱ्याच्या चुकीने. पहिल्या पेट्याच्या कोडमध्ये अशी चूक निघाली आणि एप्रिल २०१६ मध्ये काही सेकंदांत किल्ली काढणारं फुकट टूल आलं.

पुढच्या वर्षी पेट्याचा भयंकर भाऊ आला, ‘नॉटपेट्या’. २७ जून २०१७ ला त्याने न्हावाशेवा बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प केलं. स्क्रीनवरचा ‘आयडी’ नुसताच रँडम होता, त्यावरून किल्ली मिळणं हल्लेखोरालाही अशक्य. पैसे भरणाऱ्यांचे पैसे बुडाले.

फुकट डिक्रिप्शन टूल देणाऱ्यांत पुण्याची क्विक हीलही आहे, हे आपल्या लोकांना ठाऊक हवंच. तिचे संस्थापक काटकर बंधू मूळचे सातारा जिल्ह्यातले. थोरले कैलास यांची सुरुवात कॅल्क्युलेटर दुरुस्तीतून झाली.

क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून येणारं ‘स्टॉप-डीजेव्हीयू’ प्रत्येक फाइलचे फक्त पहिले दीडेकशे केबी लॉक करतं. छोटी एक्सेल शीट त्यात अख्खी जाते. लग्नाचा मोठा व्हिडिओ मात्र किल्लीशिवायही बराचसा दुरुस्त होऊ शकतो. खंडणीच्या चिठ्ठीतल्या ‘पर्सनल आयडी’ची शेवटची दोन अक्षरं टी१ असतील, तर किल्ली मिळण्याची शक्यता चांगली. तोवर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.