मुरघासाची पारख मुठीत

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. माणसांची तहान रुळांवरून भागवता आली. गोठ्यातल्या देवणी गाईला किंवा शेजारच्या नांदेडातल्या लाल कंधारीला हिरवा चारा असा आणता येत नाही. तो पावसाळ्यातच मुरवून ठेवावा लागतो.

असा मुरघास करायचा म्हटलं की बॅग कुठली, कल्चर कुठलं, याचीच चौकशी आधी होते. माझ्या मते खरा निकाल त्याआधी, शेतात आणि कुट्टी मशीनपाशी लागलेला असतो.

हवा कोंडली की चाऱ्यावरचे लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू त्यातली साखर खाऊन आम्ल बनवतात. सामू चारच्या आसपास उतरला की चारा नासवणाऱ्या जीवाणूंचं काही चालत नाही. फिनलंडच्या व्हिर्तानेन यांनी ओल्या चाऱ्यात थेट आम्ल घालून हेच साधलं. त्या कामासाठी त्यांना १९४५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडे हे काम मक्यातली साखर करते. वाळलेल्या कडब्यात ना ती साखर उरते, ना पुरेसा ओलावा. त्याची गंजीच बरी.

म्हणून कापणीची वेळ महत्त्वाची. मक्याचं कणीस मधोमध मोडून पाहावं. दाण्याचा टणक भाग टोकाकडून निम्म्यापर्यंत उतरला असेल आणि खाली अजून चीक असेल, तर ओलावा साधारण ६५ ते ७० टक्के असतो. त्याआधी कापलेल्या मक्यातून पाणी झिरपतं, त्याबरोबर साखरही जाते आणि ब्युटिरिक आम्लाची घाण सुटते. फार उशीर केला तर ताटं दबत नाहीत, मधे हवा राहते, बुरशी धरते.

कुट्टी एक ते दोन सेंटिमीटरची हवी. पात्यांना धार नसेल तर ताटं कापली न जाता फाटतात, लांब तुकडे पडतात आणि कितीही तुडवलं तरी पोकळी राहते. कापणी जमिनीलगत करू नये. बुडख्याबरोबर माती येते आणि मातीतून नासवणारे जीवाणू.

ओलावा मोजायला यंत्र लागत नाही. कुट्टी मुठीत घट्ट दाबावी. बोटांतून पाणी निथळलं, तर चारा काही तास सुकू द्यावा. मूठ उघडताच गोळा विस्कटला, तर उशीर झालाय. गोळा हळूहळू सुटला आणि तळवा नुसता ओलसर राहिला, तर लगेच भरायला घ्यावं.