पाटीआधी नोंदणी पाहा

‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेच्या (आरसीआय) नोंदवहीत नाव हवं. १९९२च्या कायद्याने ते बंधनकारक आहे. ही नोंदणीही एकदा केली की जन्मभर पुरत नाही. मुदत संपली की नूतनीकरण, आणि त्यासाठी मान्यताप्राप्त कार्यशाळांना हजेरी लावून गुण मिळवावे लागतात.

संमोहनतज्ज्ञांसाठी मात्र अशी स्वतंत्र सरकारी नोंदवही नाही. शनिवार-रविवारच्या शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून कुणीही बसू शकतो, आणि हे काळजीचंच आहे. वेदना आणि चिंता कमी करायला प्रशिक्षित हातांत संमोहनाचा उपयोग होतो. पण ‘दडलेल्या आठवणी’ उकरण्याच्या नादात न घडलेल्या गोष्टी खऱ्या वाटू लागण्याचा धोका असतो.

ब्रिटनमध्येही ‘सायकोथेरपिस्ट’ या नावाला कायद्याचं संरक्षण नाही. तिथे थेरपिस्टवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी ‘बीएसीपी’सारख्या व्यावसायिक संघटना उचलतात. ‘बीएसीपी’चे प्रॅक्टिस करणारे सदस्य महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन घेतात. म्हणजे अशिलाची ओळख झाकून अनुभवी सहकाऱ्यापुढे केस मांडायची. ‘ती रडली तेव्हा तुम्ही घाईने विषय का बदललात?’ अशा प्रश्नांना तिथे उत्तर द्यावं लागतं. कोणत्याही व्याख्यानापेक्षा यातून जास्त शिकायला मिळतं, असं माझं ठाम मत आहे.

पहिल्याच भेटीत विचारा: नोंदणी क्रमांक काय? सुपरव्हिजन कुणाकडे घेता? चांगला थेरपिस्ट या प्रश्नांनी दुखावत नाही.