खिडकीएवढी बाग

मृगाच्या सुमारास कोंकणांतील जुन्या आंब्यावरून लोंबणारी सीतेची वेणी ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना आमरी म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. झाडावर राहूनहि ती झाडाचें अन्न घेत नाहीं. फांदीचा केवळ आधार घेऊन दंव, पाऊस आणि वारा यांवर निर्वाह करते. बाजारांत मिळणाऱ्या मोठ्या फुलांच्या संकरित आमऱ्या याच कुळांतल्या. इंग्लंडांतील व्हीच यांच्या रोपवाटिकेंत जॉन डॉमिनी यानें केलेला पहिला संकर १८५६ सालीं फुलला. १९२२ सालीं नडसन यानें आमरीचें धुळीसारखें बारीक बीं साखर मिसळलेल्या अगरवर रुजविण्याची युक्ति प्रसिद्ध केली, आणि श्रीमंतांच्या काचगृहांतील हीं फुलें हळूहळू मध्यम स्थितींतील कुटुंबांच्या आवाक्यांत आलीं. मात्र आपलीं घरें कांहीं काचगृहें नव्हेत.

माझीच चूक प्रथम सांगतो. मुंबईंतील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत मीं पहिली आमरी आणली ती वंदा. तिचें शास्त्रीय नांवहि याच संस्कृत शब्दावरून पडलेलें आहे. हातभर मुळें अधांतरीं लोंबत असल्यामुळें तिला कपाटाशेजारच्या कोपऱ्यांत टांगली. जागा अडली नाहीं म्हणून समाधान वाटलें. तीन वर्षें झालीं. पानें हिरवींगार, पण फूल एकहि नाहीं. मीं जागा मोजली होती, उजेड मोजला नव्हता.

खिडकीपासून चार पावलें मागें सरलें, तरी आपला डोळा तेथल्या उजेडाशीं जुळवून घेतो. झाडाला मात्र तेथें उपास घडतो. परीक्षा सोपी आहे. सकाळीं दहाच्या सुमारास पानाच्या वर वीतभर अंतरावर हात धरावा. सावली ठळक पडली तर उजेड पुष्कळ, कडा पुसट असतील तर मध्यम, आणि सावलीच न पडली तर तेथें आमरी ठेवूं नये. पानाचा रंगहि साक्ष देतो. गर्द हिरवें पान डोळ्यांस सुखद वाटलें तरी तें बहुधा अंधाराचें लक्षण. किंचित् पिवळसर हिरवें पान फुलाची आशा दाखवितें.

या मापानें निवड करावी. मध्यम उजेडाच्या खिडकीला फॅलिनॉप्सिस योग्य. तिचीं पानें दोन फुटांपर्यंत पसरलीं तरी ती जागच्या जागीं वाढते, आणि तुरा दोनदोन महिने टिकतो. तो निघण्यास कांहीं आठवडे गार रात्री लागतात. म्हणून मुंबईंत पौष-माघांत रात्रीं खिडकी उघडी ठेवावी. पूर्वेचें कोवळें ऊन दोनतीन तास येत असेल, तर सहा इंच रुंद फुलांची कॅटलेया घ्यावी. सिंबिडियमचे पूर्वज हिमालयाच्या थंडींत वाढलेले. समुद्रकांठच्या उकाड्यांत ती नुसतीं पानें देते.

कॅटलेया पुढें सरकत वाढते. जुन्या फुगीर खोडाच्या पायथ्यांतून नवें खोड पुढच्या बाजूस निघतें. म्हणून लावतांना जुनी बाजू कुंडीच्या कडेला टेकवावी, आणि पुढें दोन वर्षांच्या वाढीपुरती जागा सोडावी. झाड कडेबाहेर आलें कीं मोठी कुंडी आणण्याचा मोह आवरावा. नवीं मुळें फुटूं लागतांच तीन-चार खोडांचा एकेक भाग करावा. एक ठेवावा, दुसरा शेजाऱ्यांस द्यावा. लहान घरांत मोठें झाड नांदतें तें असें वाटून टाकल्यानेंच.

घरांतल्या आमऱ्या तहानेपेक्षां मायेच्या अति पाण्यानेंच अधिक मरतात. मुळांवर पांढरें, स्पंजासारखें वेष्टन असतें. तें पाणी पिऊन हिरवट होतें व सुकल्यावर रुपेरी दिसतें. तें रुपेरी झाल्यावांचून पुन्हां पाणी घालूं नये. मातींत हीं मुळें गुदमरतात. कोळसा, विटांचे तुकडे व नारळाचें सोडण यांनीं भरलेली भोंकांची कुंडी बरी. पाणी सकाळींच घालावें, आणि पावसाळ्यांत हवा कोंडूं देऊं नये. मंद पंखाहि उपयोगी पडतो. खिडकींतून पुरेसा उजेड येत नसेल तर एल्.ई.डी. दिवा पानांपासून फूटभर अंतरावर रोज बारा तास लावावा. रात्रीं मात्र अंधारच हवा.

वंदेला हवें उघडें ऊन आणि मोकळा वारा. शेवटीं ती मीं बहिणीच्या गच्चीवर पोंचविली. पुढच्या वर्षीं तिच्या पहिल्या निळ्या तुऱ्याची वर्दी आली तेव्हां आनंद झाला, आणि थोडी लाजहि वाटली. माझ्या खिडकींत आतां एकच कॅटलेया आहे. दुसरीची हौस आहे. पण खिडकी तेवढीच आहे.