सुनेने सासूला शिकविले

समाजासाठी काही करायचे तर पद हवे, पैसा हवा, मागे चार माणसे हवीत, अशी समजूत आपल्या कार्यकर्त्यांतही घट्ट बसली आहे. ती खोटी ठरविणारे गाव ठाणे जिल्ह्यातच आहे. मुरबाड तालुक्यातील फांगणे.

या छोट्या गावातील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर. २०१६ च्या शिवजयंतीच्या वेळी गावातील म्हाताऱ्या बायांनी त्यांच्याजवळ बोलून दाखविले, की आम्हालाही वाचता आले असते तर! अशी खंत आपण शंभरदा ऐकतो आणि "आता या वयात काय" म्हणून चालू लागतो. बांगर गुरुजी चालू लागले नाहीत. ८ मार्च २०१६ रोजी, महिलादिनी, 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने साहित्याची मदत केली. साठीच्या पुढच्या, काही तर नव्वदीला टेकलेल्या आज्या पाठीला दप्तर लावून, पाटी-पेन्सिल घेऊन येऊ लागल्या. वेळ दुपारी दोन ते चार, म्हणजे घरची, शेताची कामे उरकल्यावर. गणवेश गुलाबी नऊवारी. यांतल्या अनेकजणी विधवा. नवरा मेलेल्या बाईने रंगीत नेसू नये म्हणणारी रूढी या गुलाबी रंगाने भाषणाशिवाय मोडली.

आणि शिकविणारी कोण? गावातलीच एक सून. तिची सासू तिच्याच वर्गात बसून मुळाक्षरे गिरवीत होती. सासूने सुनेपुढे पाटी धरावी, चुकले तर पुन्हा लिहून आणावे! मनुस्मृतीने घरातली जी उतरंड पक्की केली, तिला यापेक्षा मोठा धक्का कोणता?

काही बंधू म्हणतील, त्या आज्यांना तर पोथी वाचायची होती. आम्हाला पोथीचे कौतुक नाही. परंतु अक्षर एकदा हाती आले की काय वाचायचे हे वाचणाराच ठरवितो. आज पोथी, उद्या सातबारा, परवा संविधान. निशाणी डावा अंगठा करून किती जमिनी सावकाराच्या घशात गेल्या, हे शहापूर-मुरबाडच्या आदिवासी-बहुजनांना कोणी सांगायला नको. (आता तर रेशन दुकानातल्या मशीनला शिकलेल्याचाही अंगठा लागतो, आणि काम करून झिजलेला अंगठा ते मशीन ओळखत नाही, तो भाग निराळा.)

जोतिराव-सावित्रीबाईंनी १८५५ साली शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हा कोणते अनुदान होते? १९५६ साली आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी जी व्यथा मांडली, ती आपण दर जयंतीला ऐकवतो. आणि त्याच रात्री डीजेवर हजारो रुपये उडवितो. त्या पैशांत किती पाट्या आल्या असत्या, याचा हिशेब आम्ही मांडत नाही, कारण पैशाचा प्रश्न नाहीच. फांगण्यात एक गुरुजी, एक सून आणि दुपारचे दोन तास, एवढ्यावर शाळा उभी राहिली.

आपल्या वस्तीत दहावी-बारावी झालेल्या लेकीसुना आहेत. अंगठा उठविणाऱ्या आयाबायाही आहेत. विहारही आहे. दुपारी दोन ते चार त्या विहाराची किल्ली कोणाकडे असते, एवढे या रविवारी विचारून घ्या.